जुना ट्रॅक्टर : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

दसरा किंवा पाडवा जवळ आला की गावोगावच्या पारावर एक विषय हमखास निघतो. अमक्याने ट्रॅक्टर आणला. नवा आणला असेल तर लोक पेढे खाऊन घरी जातात. जुना आणला असेल तर पेढ्याबरोबर प्रश्नही येतात. कितीला पडला? कोणत्या सालचा? इंजिन उघडलेलं आहे का? मध्ये दलाल कोण होता? या सगळ्यांत जो प्रश्न आधी विचारायला हवा, तो मात्र बहुधा कोणी विचारत नाही. घरी आणल्यावर पहिल्या वर्षात त्याच्यावर आणखी किती घालावे लागणार?

जुना ट्रॅक्टर ही वाईट वस्तू आहे असे मी म्हणणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. नव्याची किंमत त्यामुळे थोडी उतरली खरी. तरीही पाच-सात एकरवाल्याला नवा ट्रॅक्टर म्हणजे वर्षानुवर्षे मानेवर हप्ता. यांत्रिकीकरण योजनेतले अनुदानही नव्या यंत्राला असते, जुन्याला नाही. तेव्हा दहा-पंधरा वर्षे वापरलेला, निम्म्याहून कमी पैशात मिळणारा ट्रॅक्टर माणसाला खुणावणारच. तो घ्यावाही. फक्त ठरलेला आकडा ही किंमत नसून तो पहिला हप्ता आहे, असे समजून घ्यावा. पुढचे हप्ते कोणत्या महिन्यात आणि किती रुपयांचे येतील, हे बँक सांगत नाही. ते ट्रॅक्टर सांगतो, आणि बहुतेक वेळा ऐन पेरणीत सांगतो.

आधी कुणाच्या दावणीला होता?

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, आणि मुख्य म्हणजे तो कोणाच्या दावणीचा आहे ते विचारतो. ट्रॅक्टर घेताना मात्र रंग बघतो. रंगाचा डबा काय भावाने मिळतो? दोन दिवसांत पंधरा वर्षांचा ट्रॅक्टर नव्या नवरीसारखा करून देणारे कारागीर प्रत्येक तालुक्यात आहेत.

त्यापेक्षा आधी त्याने कोणते काम केले ते खोदून विचारा. कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढून ओढून क्लच, गिअर, ब्रेक आणि मागचा हूक यांत थकलेला असतो. मावळात, कोकणात भाताच्या चिखलणीला चाललेला असेल तर चिखलपाणी ऑईल सीलमधून आत शिरून चाकांचे हब आणि ब्रेक खाल्लेले असतात. वरून काही दिसत नाही. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन तासन् तास पीटीओवर चालतो. त्याने ओझे फार ओढलेले नसते, पण फवाऱ्याने पत्रा आणि वायरिंग खराब झालेले असते. भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याचा ट्रॅक्टर सर्वांत जास्त तास धुळीत गेलेला समजा. घरच्या शेतीत एकाच ड्रायव्हरच्या हातचा मिळाला तर चार पैसे जास्त देऊनही तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळू, मुरूम वाहणारा असेल तर दोनदा विचार करा. त्यात यंत्राची झीज आहेच, पण बेकायदा गौण खनिजाच्या वाहतुकीत पकडला गेलेला ट्रॅक्टर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली दंडाला पात्र असतो. दंड थकलेला आहे का, हे तहसील कार्यालयात जाऊन विचारायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस द्या.

तासांचे मीटर बघून कोणी 'फक्त तीन हजार तास चाललाय' म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला. जुन्या ट्रॅक्टरचे मीटर बहुधा बंद पडलेले असते. चालू असले तरी जुने यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते, घड्याळावर नाही. इंजिन मंद फिरत असेल तर घड्याळाचा एक तास होऊनही मीटरवर तो पुरा पडत नाही. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पायदळाचे रबर बघा, सीटखालचा पत्रा बघा, नांगर जोडायच्या पिना आणि त्यांची भोके बघा. गोल भोक लांबट झाले असेल तर त्या ट्रॅक्टरने खाल्लेले पावसाळे तुम्हाला मोजता येतील.

हात लावून बघा, मग चावी फिरवा

ट्रॅक्टर बघायला जाताना वेळ सांगून जाऊ नका, आणि सांगितलीच तर तासभर आधी पोहोचा. पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवा. गरम लागले तर समजा, तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलेला आहे. थंड इंजिन कसे सुरू होते यावरच निम्मी परीक्षा असते. तास-दोन तास गार होऊ द्या, चहा घ्या, पिकापाण्याच्या गोष्टी करा, मग चावी फिरवा.

धुराकडे लक्ष द्या. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर काळजी नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप किंवा एअर क्लीनरचे काम निघेल, पण ते आटोक्यातले असते. निळा धूर मात्र वाईट. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे, बहुतेक वेळा रिंगा आणि लायनर घासले आहेत. चालू इंजिनाचे ऑईल भरायचे झाकण हळूच उघडून पाहा. तिथून भकाभका धूर आला तर बोअर संपलेले आहे. हे लपवायला काही जण इंजिनात मुद्दाम जाड ऑईल भरतात. त्याने महिनाभर धूर दबतो, तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. गेज-काडी काढून ऑईल बोटावर घ्या. दुधाळ दिसले तर पाणी ऑईलमध्ये उतरते आहे, म्हणजे गास्केट, लायनरचे सील किंवा हेडच खराब. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तरी संशय तिकडेच न्यायचा.

मग नांगर जोडून लिफ्ट उचला आणि इंजिन बंद करा. नांगर भरभर खाली येऊ लागला तर हायड्रोलिकचे काम आहे. पुढचे चाक जॅकवर घेऊन हलवून बघा. खडखडले तर किंगपिन, बुश, बेअरिंग. प्रत्येक गिअरमध्ये चढावर चालवून बघा, गिअर आपोआप निसटतो का ते कळेल. आणि टायर. मागच्या टायरच्या नुसत्या गुट्ट्या बघून भागत नाही, बाजूच्या भेगा बघा. गुट्ट्या नव्या चढवलेल्या असतात, मूळ टायर मात्र उन्हाने तडकलेला असतो.

सोबत आपला मिस्त्री न्या. आपला म्हणजे आपला, दलालाने आणलेला नव्हे. त्याच्या दिवसाचे पैसे रोख द्या, आणि सौदा मोडला तरी द्या. फुकट आलेल्या मिस्त्रीला दुसरीकडून चहापाणी मिळते. आणखी एक गोष्ट त्यालाच विचारा, या ट्रॅक्टरचे पार्ट कुठे मिळतात? एचएमटीने १९७१ मध्ये झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर सुरू केले होते. चिवट यंत्र म्हणून आजही लोक ते शोधतात, पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये तो कारखाना बंद केला. पंजाबची स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेली, आयशरचे ट्रॅक्टर २००५ मध्ये टाफेकडे. कंपनी दुसऱ्या हाती गेली तर फारसे अडत नाही. कारखानाच बंद पडला की पार्टसाठी दुकाने पालथी घालावी लागतात, आणि जो पार्ट मिळतो तो कोणी बनवला हे खोक्यावरून नेहमी कळत नाही.

कागद

यंत्र पास झाले तरी पैसे देऊ नका. आर.सी. बुकवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर यंत्रावरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा आर.सी.वर आहे का बघा. असेल तर तो उतरवल्याचा बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पंधरा वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, तेही पाहा. ट्रॉलीला स्वतःचा नंबर आणि स्वतःचे कागद असतात. 'ट्रॉली त्याच्यातच आली' या बोलण्याला कायद्यात अर्थ नाही.

नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. ही गोष्ट विकणाऱ्यांनी जास्त मनावर घ्यावी. पाच रुपयांच्या कागदावर सह्या करून ट्रॅक्टर देऊन टाकणारे खूप आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक. म्हणजे ट्रॅक्टर तीन हात फिरून चौथ्याच्या ताब्यात असताना अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. राज्यातल्या राज्यात विकला तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे, असा कायदा आहे. विमाही आपल्या नावाने करून घ्या. ग्रामपंचायतीत आणि चावडीवर बसणाऱ्या मंडळींनी गावात जुना ट्रॅक्टर आला की एवढी एक आठवण करून दिली तरी पुष्कळांची कोर्टकचेरी वाचेल.

'उघडलंच आहे तर...'

आता ट्रॅक्टर घरी आला. हार घातला, नारळ फोडला. आता मसाल्याचा हिशेब सुरू.

नव्या माणसाला वाटते, मोठा पार्ट गेला की मोठा खर्च, छोटा गेला की छोटा. तसे नसते. क्रँकच्या मागच्या बाजूला एक ऑईल सील असते. वस्तू अगदी किरकोळ भावाची. ते गळू लागले की ऑईल क्लचवर उडते, क्लच घसरू लागतो, नांगर जमिनीत जाताच ट्रॅक्टर नुसता आवाज करतो आणि हलत नाही. ते सील बदलायचे तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात. इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला. एकदा तसे झाले की मिस्त्री तुमच्याकडे बघून म्हणतो, "दादा, उघडलंच आहे तर क्लच प्लेट टाकून घ्या." प्लेट टाकायची तर प्रेशर प्लेटही घासलेली दिसते. रिलीज बेअरिंग वाजत असते. फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात गेलेले असतात. शंभर-दोनशेच्या सीलसाठी उघडलेला ट्रॅक्टर जोडून बाहेर येईपर्यंत बिल पाच आकड्यांत गेलेले असते.

मिस्त्रीचे म्हणणे दर वेळी लबाडीचे असते असे नाही. पुष्कळदा ते खरेच असते, कारण दोन महिन्यांनी क्लच गेला तर पुन्हा तेवढीच मजुरी. यावर मी शेतकऱ्यांना एक ढोबळ रीत सांगतो. जो पार्ट ट्रॅक्टर सोडवल्याशिवाय हाताला लागत नाही, तो उघडल्यावर थोडा जरी शंकास्पद दिसला तर बदलून टाका. जो बाहेरून कधीही बदलता येतो, म्हणजे डायनामो, सेल्फ, पाण्याचा पंप, नोझल, त्याला 'उघडलंच आहे' हे कारण लागू होत नाही. तो चालतोय तोवर चालू द्या. आणि जुने काढलेले पार्ट पोत्यात घालून घरी आणा. ज्याला पार्ट परत मागितले जातात हे माहीत असते, तो चांगला पार्ट सहसा काढत नाही.

दुसरा अनिश्चित खर्च वेळेचा. ऑगस्टमध्ये बिघडलेला ट्रॅक्टर आणि ऑक्टोबरमध्ये बिघडलेला ट्रॅक्टर यांचे गॅरेजचे बिल सारखेच येईल. पण ऑक्टोबरमध्ये गॅरेजसमोर दहा ट्रॅक्टर उभे असतात, मिस्त्री सापडत नाही, आणि इकडे रब्बीचा वापसा उडून चाललेला असतो. हरभरा आठ दिवस उशिरा पडला, त्याचे बिल कुठल्याच पावतीवर येत नाही. म्हणून मोठी दुरुस्ती एप्रिल-मेच्या आत किंवा भर पावसात काढा. आणि फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, रेडिएटरचे होज पाईप, डिझेल नळीचे तांब्याचे वॉशर, फ्यूज, दोन-चार पिना घरात ठेवा. एका फॅन बेल्टसाठी तालुक्याला अर्धा दिवस घालवणे परवडणारे नाही. डिझेल पूर्ण संपू देऊ नका. टाकी कोरडी झाली की पंपात हवा शिरते आणि ती काढणे हे नवख्याचे काम नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचे चावीचे स्विच बिघडले की पुष्कळ जण खाली उभे राहून पान्याने किंवा पेचकसाने सेल्फची दोन टोके जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताच पुढे जातो, आणि माणूस उभा असतो मागच्या चाकाच्या समोर. स्विचचा खर्च फार नसतो. ही दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

धूळ खाते ते कोणी खात नाही

इंजिनाचा खरा शत्रू ओझे नाही, धूळ आहे. बोअर का जाते, हे समजून घेतले तर निम्मा खर्च हातात येतो. इंजिन चालताना हवा ओढते. नांगरटीच्या शेतात ती हवा म्हणजे बारीक वाळूच असते. एअर क्लीनर ती अडवतो. जुन्या ट्रॅक्टरना बहुधा ऑईलची वाटी असलेला क्लीनर असतो, धूळ त्या ऑईलमध्ये बसते. वाटीतले ऑईल चिखलासारखे झाले, किंवा क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी तडकली, क्लिप सैल झाली, की हवा गाळल्याशिवाय आत जाते. ही धूळ रिंग आणि लायनरच्या मध्ये कानसीसारखे काम करते. वर्षानुवर्षे चालायचे बोअर लवकर संपते. रबरी नळी किती रुपयांची आणि इंजिनाचे काम किती रुपयांचे, याचा हिशेब तुम्हीच करा.

ऑईलची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून बघा. हे काम पोराला सांगू नका, स्वतः करा. इंजिन ऑईल साधारण २५० तासांनी बदला, डिझेलच्या टाकीच्या तळाचे पाणी अधूनमधून सोडून द्या, आणि रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतू नका. शेतकरी तणनाशकाला पैसे काढतो आणि ऑईलला हात आखडतो, हे मी वर्षानुवर्षे बघतो आहे.

विमानवाल्यांची वही

आता जरा लांबची गोष्ट सांगतो, पण विषय तोच आहे. अमेरिकेत स्वतःचे छोटे विमान बाळगणारे शेतकरी आहेत. १९४४ मध्येच ओक्लाहोमा राज्यात अशा उडणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली संघटना काढली होती. तिकडे बहुसंख्य लोक जुनेच विमान घेतात. सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान १९५६ पासून बाजारात आहे, आजवर ४४ हजारांहून जास्त बनले, आणि १९७० च्या दशकातली विमाने आजही उडतात. त्यांचीही रड आपल्यासारखीच! विमान स्वस्तात मिळते. मग दर बारा महिन्यांनी परवानाधारक मेकॅनिककडून सक्तीची तपासणी करावी लागते, आणि तिच्यात यंदा काय निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. कधी किरकोळ काम, कधी सिलिंडर.

पण त्यांच्या दोन सवयी आपण उचलाव्यात. एक म्हणजे वही. विमानाची, इंजिनाची प्रत्येक दुरुस्ती तारखेनिशी आणि तासांनिशी वहीत असते. वही हरवलेल्या विमानाची किंमत खाली येते. दुसरी म्हणजे राखीव पैसे. त्या विमानांच्या बऱ्याच इंजिनांना कंपनीने मोठ्या दुरुस्तीसाठी २००० तासांची मुदत सांगितलेली असते. शहाणा मालक त्या खर्चाला २००० ने भागतो आणि विमान उडवले की दर तासाला तेवढे पैसे बाजूला टाकतो. इंजिन उघडायची वेळ येते तेव्हा पैसे तयार असतात.

आपल्याला हेच करायचे आहे. आकडे तालुक्यागणिक आणि मॉडेलगणिक बदलतील, हे मी फक्त रीत दाखवायला धरतो. समजा इंजिनाचे पूर्ण काम ६० हजारांचे आणि ते ४००० तास टिकते, म्हणजे तासाला १५ रुपये. मागची टायरजोडी ४० हजारांची, २५०० तास, म्हणजे १६ रुपये. क्लच १५ हजारांचा, १५०० तास, म्हणजे १० रुपये. ऑईल-फिल्टर ४ हजारांचे दर २५० तासांना, म्हणजे १६ रुपये. बॅटरी आणि सेल्फचे साडेसात रुपये धरा. पंप, हायड्रोलिक, पुढचा ॲक्सल मिळून ३० हजार आणि ३००० तास, म्हणजे १० रुपये. बेरीज झाली तासाला जवळपास ७५ रुपये. वर्षाला ४०० तास चालला तर ३० हजार रुपये. डिझेल आणि ड्रायव्हर वेगळे.

शेजाऱ्याच्या शेतात भाड्याने नांगरट करून आलेले पैसे खिशात पडले की ते कमाईचे वाटतात. त्यातले डिझेल जाते हे सगळ्यांना कळते. तासाचे हे ७५ जातात ते कळत नाही, कारण ते मागायला कोणी येत नाही. पोस्टात किंवा पतपेढीत वेगळे खाते काढा आणि दर आठवड्याला तासांप्रमाणे भरणा करा. घरच्या शेतातले तासही धरायचे, ती सूट नाही.

वहीत काय लिहायचे? तारीख, किती तास, कोणते काम, किती डिझेल, काय बदलले, कोणी बदलले, किती पैसे. पोरीला लिहायला सांगा, ती न विसरता लिहील. वर्षभराने त्या वहीतून ट्रॅक्टर बोलू लागतो. तेवढ्याच नांगरटीला डिझेल वाढत चालले, ऑईलची पातळी दर आठवड्याला उतरू लागली, हे कळले की पुढचा खर्च दोन महिने आधी दिसतो. आणि उद्या विकायचा झाला तर नुसती वही दाखवून चार पैसे जास्त मिळतील.

कोणी घेऊ नये

शेती यांत्रिकीकरणाच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचे आयुष्य १० हजार तास आणि वापर वर्षाला १००० तास धरतात. आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्या निम्माही चालत नाही. ज्याचे घरचे काम वर्षाला दीड-दोनशे तासांच्या वर जात नाही आणि भाड्याने मारायची इच्छा किंवा माणूस नाही, त्याने जुनाही घेऊ नये, गावातल्या ट्रॅक्टरने काम करून घ्यावे. दोघा-तिघा भावांनी मिळून घेतला तर परवडतो, पण वही आणि खाते पहिल्या दिवसापासून हवे. नाहीतर ट्रॅक्टर राहतो आणि भाऊबंदकी सुरू होते. व्याजाने पैसे काढून घेणाऱ्यांनी सगळे कर्ज खरेदीत घालू नये, चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला मागे ठेवावा. तेवढा राहत नसेल तर त्याहून स्वस्त ट्रॅक्टर शोधावा, किंवा एक वर्ष थांबावे.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग कशाला हा हत्ती पोसायचा? तर तसेही नाही. माझ्या माहितीतला एक सहा एकरवाला आहे. पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर, पहिल्या वर्षी इंजिन उघडावे लागले, दुसऱ्या वर्षी टायर. बायको महिनाभर बोलत नव्हती म्हणतो. गेल्या रब्बीत पाऊस उघडला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहिले. भुगा झाला. वापसा. गावात भाड्याचे ट्रॅक्टर तीन, आणि पाळीच्या चिठ्ठ्या वीस. हा मात्र अंधार असतानाच शेतात गेला होता. दिवस कासराभर वर येईपर्यंत त्याची फणपाळी झाली, दुपारी ज्वारी पेरली. मग स्वतःचे काम उरकून शेजारच्या म्हाताऱ्याचे दोन एकर करून दिले, त्याने पैसे पुढे केले तर अर्धेच घेतले.

दुसऱ्या एकाला मी ट्रॅक्टर विकणार का म्हणून विचारले, कारण गिऱ्हाईक होते आणि भाव बरा होता. तो म्हणाला, "साहेब, याचा प्रत्येक आवाज मला माहीत आहे. नव्याचे आवाज शिकायला आणखी दहा वर्षं लागतील." त्याला अंथरुणात पडल्या पडल्या, रस्त्याने कोणाचा ट्रॅक्टर चाललाय ते आवाजावरून कळते. स्वतःच्या हाताने नोझल काढून, धुऊन, बसवून, पहिल्या चावीला इंजिन धडधडले की त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते नवा घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर मला क्वचितच दिसले.

आपल्या भागात जुन्या ट्रॅक्टरचा सौदा ठरत असेल आणि काही शंका असेल, तर आपल्या सजाच्या कृषी कर्मचाऱ्याला विसार देण्याच्या आधी विचारा. नंतर विचारणारे पुष्कळ येतात, आणि तेव्हा त्यांना आमच्यापेक्षा मिस्त्रीचा पत्ता जास्त उपयोगी पडतो.